काट्याचा अडॅप्टर आणि मास्तरांची पट्टी

वायरताईचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावलेला नसे. अकरा वर्षं कारखान्याच्या पहिल्या पाळीला गेलेलं शरीर, त्याला कुणी हाक मारावी लागत नव्हती. साडेपाचला ती एका ऑफिसच्या इमारतीत झाडू घेऊन उभी असे. चार मजले, एकशे बारा पायऱ्या. वरून खाली झाडत यायचं, मग पुन्हा वर चढून वरून खाली पुसत यायचं. खालून वर झाडणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं.

आठला ते काम संपे. घरी येऊन अंघोळ, नवऱ्याचा आणि स्वतःचा डबा, आणि नऊच्या सुमाराला ती पाठीवर पिशवी अडकवून दुसऱ्या कामाला निघे. पिशवीत चार केबली, एक पेनड्राइव्ह, दात घासायचा जुना ब्रश, मल्टिमीटर आणि वही. या दुसऱ्या कामामुळेच तिला वायरताई हे नाव पडलं होतं. दुकानदार, छापखानेवाले, छोटे दवाखाने, ज्यांनी खर्च नको म्हणून कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घालून घेतलं होतं आणि घालून देणारा मात्र पुढं गावला नव्हता, असे सगळे तिची गिऱ्हाइकं.

कारखान्यात तिचं काम होतं यूएसबी केबलीच्या टोकाला तारा सोल्डर करायचं. एका केबलीत चार तारा. लाल आणि काळी वीज नेतात, पांढरी आणि हिरवी निरोप नेतात. दिवसाला सहाशे टोकं, म्हणजे चोवीसशे टाके. त्यातला एक जरी कच्चा निघाला तरी तपासणीच्या टेबलावरून तिच्या नावानं बोंब व्हायची. त्यामुळं पुढं एखाद्या गिऱ्हाइकानं "दिवा तर लागतो, पण कॉम्प्युटर ओळखत नाही" असं सांगितलं की ती केबल न बघताच म्हणायची, "लाल-काळी जिवंत आहे, पांढरी-हिरवी मेली. केबल बदला." दहातल्या सात वेळा ती बरोबर असे. उरलेल्या तीन वेळांसाठी वही होती.

कारखाना बंद पडला तेव्हा तपासणीच्या टेबलावरचे कॉम्प्युटर भंगारात निघाले. तिनं एक मागून घेतला आणि नवऱ्याच्या हातगाडीवर घालून घरी आणला. नवरा रंगारी. गाडीत रंगाचे डबे, शिडी आणि मधोमध तो कॉम्प्युटर. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"अगं सूनबाई, अकरा वर्षं राबलीस आणि त्यांनी हे बक्षीस दिलं?"

"बक्षीस नाही हो आई, मी मागून आणलं."

"मागून आणायचं तर चालणारं तरी आणायचंस!"

चालणारं करायला तिला पाच महिने लागले. त्यावर लिनक्सच होतं. कळत नव्हतं काहीच, पण एक गोष्ट तिला पहिल्या आठवड्यातच आवडली. हे मशीन गप्प बसत नाही. काही खुपसलं, काही काढलं, काही बिघडलं की ते आतल्या आत एका लांबलचक नोंदवहीत लिहून ठेवतं. वाचणारा हवा. कारखान्यातल्या मुकादमापेक्षा हे बरं, असं ती म्हणायची, त्याला विचारलं तरी तो कारण सांगत नसे. पुढं त्याच कॉम्प्युटरवर मुलीनं नर्सिंगचा अभ्यास केला, आणि त्यामुळं त्याला हात लावायची घरात कुणाला मुभा राहिली नाही.

तिची कामाची रीत ठरलेली होती. आधी यादी बघायची, मशीनला कुठकुठल्या वस्तू दिसताहेत त्याची. वस्तू यादीत नसेल तर केबल, भोक, वीज. भोकात ब्रश फिरवायचा. एका भोकाची चार करणारा मधला हब काढून थेट लावायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघायचं. यादीत असेल आणि तरीही चालत नसेल, तर मशीनची नोंदवही उघडायची आणि वस्तू काढून पुन्हा घालायची, की नवीन ओळी डोळ्यांसमोर पडतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जी बदलली ती वहीत लिहायची, वेळेसकट. घाईत दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला आपण नेमकं कशानं बरं केलं हे कधीच कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्यानं पैसे घेऊ नयेत, असं तिचं म्हणणं.

गिऱ्हाइकांत एक पार्सलचं गोदाम होतं. तिथून फोन यायचा तो मास्तरांचा. मास्तर म्हणजे गोदामाचे फोनवाले. लोक विचारायचे, माझं पार्सल कुठं आहे, किती वजनाचं निघालं, गाडीत चढलं का. मास्तर यादीत बघून सांगायचे. आवाज मोठा गोड, आणि बोलणं खुसखुशीत.

"ताई, काटा रुसलाय. परवापर्यंत लाडात होता."

"पडद्यावर काय लिहून येतंय ते वाचा मास्तर."

आणि मास्तर अक्षर न अक्षर वाचायचे. कुठं स्वल्पविराम, कुठं मोकळी जागा, आकडे तर तोंडपाठ असल्यासारखे. वायरताईला त्यांचं फार कौतुक होतं. बाकीची गिऱ्हाइकं पडद्यावर जे आहे ते वाचत नाहीत, त्यांना जे वाटतं ते सांगतात. मास्तरांशी तिची भेट अजून झाली नव्हती. ती गेली की ते जेवायला गेलेले असायचे, नाहीतर सुट्टीचा दिवस असायचा.

एका शनिवारी दुपारनंतर, गोदाम बंद असताना, तिनं तिथला कॉम्प्युटर नव्या आवृत्तीवर नेला. सोमवारी मास्तरांचा फोन आला. वजनाचा काटा दिसेनासा झाला होता. मंगळवारी सकाळी ती पोचली तेव्हा मास्तर आलेले नव्हते. तापानं घरी होते. काट्यावर बसणारी बाई, तिला सगळे काटेवालीच म्हणत, पार्सलांच्या ढिगाआड उभी होती.

"बाई, लवकर कर गं. कालपासून वजन हातानं लिहितेय. बोटं मोडायची वेळ आली."

काटा जुना होता. त्याची केबल एका छोट्या अडॅप्टरमधून यूएसबीत जायची. वायरताईनं यादी बघितली, अडॅप्टर हजर. केबल ठीक, वीज ठीक. अडॅप्टर काढून घातला आणि नोंदवही वाचली. आला, ओळखला, जोडला, आणि दुसऱ्याच क्षणी तोडला. कुणी तोडला तेही लिहिलेलं होतं. बी-आर-एल अशी सुरुवात असलेला एक प्रोग्राम. तिनं मोबाइलवर शोधलं. जगभर लोकांचं हेच रडगाणं होतं. हा प्रोग्राम ब्रेल वाचायच्या यंत्रांसाठी असतो, तो चुकून असले अडॅप्टर पकडतो, तुम्हाला ब्रेल लागत नसेल तर काढून टाका.

साहेब, म्हणजे गोदामाचे मॅनेजर, दारातून डोकावून गेले. गाडी अकराला सुटणार होती. वायरताईनं प्रोग्राम काढून टाकला. तो पुन्हा कुठून उठू नये म्हणून त्याच्या सेवेला, म्हणजे मागं गुपचूप चालत राहणाऱ्या त्याच्या भागाला, वरून कुलूपही घातलं. काटा लगेच बोलू लागला. तिनं दोन्ही गोष्टी वेळेसकट वहीत लिहिल्या आणि समाधानानं घरी गेली.

मशीनच्या यादीत त्या दिवशी दोन कीबोर्ड दिसत होते. एक काटेवालीसमोर. दुसऱ्याची केबल टेबलाच्या मागून पाटीशनच्या भोकातून पलीकडं गेली होती. एका कॉम्प्युटरला दोन कीबोर्ड कशाला, हे वायरताईनं विचारलं नाही. आयुष्यभर तारेचा माग काढणाऱ्या बाईनं ती एक तार मात्र अर्ध्यात सोडली.

गुरुवारी साडेदहाला ती एका छापखान्याच्या जिन्यात होती तेव्हा फोन वाजला.

"ताई, माझी पट्टी बोलत नाही."

"कसली पट्टी, मास्तर?"

"ब्रेलची. मी वाचतो ती."

वायरताईनं पिशवी जिन्यातच खाली ठेवली.

"मास्तर, म्हणजे तुम्हाला..."

"दिसत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं होय? असू दे. फोनवर मी जरा देखणाच वाटतो म्हणतात." मास्तर हसले, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "ताई, आज जमेल का? आजच जमायला हवं."

छापखानेवाल्याला तिनं काम उद्यावर टाकायला सांगितलं. तो म्हणाला, उद्या दुसऱ्याला बोलावतो. बोलवा, म्हणाली. बस मिळेना म्हणून अर्धा तास पायी गेली.

पाटीशनच्या पलीकडं एक अरुंद टेबल, फोन, तो दुसरा कीबोर्ड आणि त्याच्या पुढं हातभर लांबीची काळी पट्टी. पट्टीवर बारीक भोकांची रांग. मशीन जिवंत असलं की पडद्यावरची ओळ त्या भोकांतून दाण्यांच्या रूपात वर येते आणि बोटांनी वाचता येते. आता भोकं सपाट होती. मास्तर पन्नाशीचे, इस्त्रीचा सदरा, दोन्ही हात त्या मेलेल्या पट्टीवर ठेवून बसलेले. संध्याकाळी जाताना ते पट्टी खणात कुलपात ठेवत. म्हणून शनिवारी ती यादीत दिसली नाही, मंगळवारीही दिसली नाही.

एकच कॉम्प्युटर दोघांत चालायचा. मास्तरांना पडदा लागत नाही, आणि काटेवालीला कीबोर्ड नावापुरताच. काटकसरी साहेबांना ही जोडी फार सोयीची पडली होती. मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रामही असतो, पण एका कानात गिऱ्हाईक आणि दुसऱ्यात मशीन असं दिवसभर कुणाला जमणार? म्हणून पट्टी.

फोन वाजला. मास्तरांनी उचलला आणि पाटीशनकडं तोंड करून ओरडले, "चारशे बावीस बघ गं!" काटेवाली हातातलं पार्सल टाकून पडद्याकडं धावली. पार्सलांचा ढीग पुन्हा चढू लागला होता.

साहेब आले. वाईट माणूस नव्हता, पण घड्याळाचा होता.

"एका फोनला दोन माणसं मला परवडत नाहीत. पाचपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर उद्यापासून फोनवर डोळस माणूस बसवतो. मास्तरांना पॅकिंगला घेतो, पगार तोच."

साहेब गेल्यावर मास्तर हळू म्हणाले, "पगार तोच, हे खरं आहे हो. मी चार वर्षं होतो पॅकिंगला. खोकी घडी करायचो. पुठ्ठ्यानं बोटं राठ होतात, चिरतात. राठ बोटाला दाणे लागत नाहीत, ताई. पॅकिंग सुटल्यावर वाचता यायला मला आठ महिने लागले. रोज रात्री तेल चोळायचो, नव्या नवरीसारखा." बोटांची टोकं एकमेकांवर घासत म्हणाले, "आता परत गेलो तर या वयात बोटं परत यायची नाहीत."

वायरताईनं माफी मागितली नाही. माफीला वेळ लागतो, आणि तो वेळ कामातून जातो. तिनं एवढंच सांगितलं, "मास्तर, काटा नीट करताना मीच तुमचा प्रोग्राम काढला. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता मीच परत घालते."

मास्तरांनी पट्टी तिच्याकडं सरकवली. मग म्हणाले, "मग घाला की. मी कुठं जातोय?"

तिनं वही उघडली आणि मंगळवारचं पान उलट्या क्रमानं धरलं. गोदामाचं इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून स्वतःचा मोबाइल केबलीनं जोडून त्यावरून प्रोग्राम पुन्हा उतरवला. बारा वाजले. पट्टी सपाटच. केबल बदलली, भोक बदललं. यादीत पट्टी दिसत होती, म्हणजे तारा जिवंत होत्या. मग वहीतली दुसरी ओळ तिच्या लक्षात आली. कुलूप. प्रोग्राम परत आला होता, पण तिनं स्वतःच घातलेलं कुलूप अजून त्याच्या सेवेवर लटकत होतं. ते काढलं. सेवा सुरू केली. पट्टीवर तांदूळ सांडावेत तसा बारीक आवाज झाला आणि दाण्यांची रांग वर आली. मास्तरांची बोटं त्यावरून डावीकडून उजवीकडं गेली, परत आली.

"आली," ते म्हणाले. एवढंच.

त्याच वेळी पाटीशनच्या अलीकडून हाक आली, "अगं बाई, काटा गेला!"

"जाणारच होता," वायरताई म्हणाली.

साहेब पुन्हा दारात. "हे काय चाललंय? याचं लावलं की तिचं जातं, तिचं लावलं की याचं जातं?"

"साहेब, आता खरं काम सुरू झालं. मंगळवारी केलं ते काम नव्हतं, ती पळवाट होती."

मास्तरांना कारण हवं होतं. तिनं सांगितलं. प्रत्येक यूएसबी वस्तूला एक ओळख असते, चार-चार आकडे-अक्षरांचे दोन गट. काट्याच्या अडॅप्टरमधली चिप स्वस्त आणि सगळीकडं वापरलेली, त्यामुळं ब्रेल वाचायच्या एका यंत्राचीही ओळख अगदी तीच. प्रोग्रामला वाटतं, आलं ब्रेलचं यंत्र, आणि तो काट्याला धरून बसतो.

"म्हणजे आपल्या भाऊबंदातला समजून मिठी मारतो," मास्तर म्हणाले. "काट्याची चूक नाही आणि मिठी मारणाऱ्याचीही नाही."

"मिठी सोडवायची. माणूस घालवायचा नाही."

मास्तरांच्या पट्टीची ओळख वेगळी होती. वायरताईनं ती काढून घालून तीनदा खात्री केली. कुठली ओळख दिसली की ब्रेलच्या प्रोग्रामला उठवायचं, हे मशीनच्या नियमांच्या फाईलीत लिहिलेलं असतं; आता तिथली अडॅप्टरच्या ओळखीची तेवढी एक ओळ बंद करायची होती. मूळ फाईलीला तिनं हात लावला नाही, पुढच्या अपडेटला ती नव्यानं लिहिली जाते आणि केलेली मेहनत पुसली जाते. तिनं तिची नक्कल दुसऱ्या जागी ठेवली, जिथली फाईल मशीन आधी मानतं. शेकड्यांनी ओळी, सगळ्या एकसारख्या, नुसते आकडे आणि तिरक्या रेघा. पहाटेपासून उघडे असलेले डोळे. तिनं ओळ शोधली, तिच्या सुरुवातीला ती बंद करणारी खूण घातली, फाईल साठवली. अडॅप्टर काढून घातला. काटा मेलेलाच.

साडेतीन वाजले होते. तिनं फाईल पुन्हा बघितली. सगळं बरोबर दिसत होतं.

"ताई, माझ्याकडं येऊ द्या ती फाईल," मास्तर म्हणाले. "हवी ती ओळख कोणती, सांगा."

"एक, ए, आठ, सहा. मग सात, पाच, दोन, तीन."

मास्तर एकेक ओळ बोटाखालून घेऊ लागले. घाई नाही, ओठ हलत नाहीत, फक्त डाव्या हाताचं बोट पुढं आणि उजव्याचं मागं. मध्ये दोनदा फोन आला, दोनदा त्यांनी उत्तर दिलं आणि पुन्हा त्याच ओळीवर आले. वायरताई नुसती बसून होती. नुसतं बसायची तिला सवय नव्हती.

"सापडलं. खूण तुम्ही वरच्या ओळीला केलीत. तिचे पहिले चार तेच आहेत, पुढचे वेगळे. हवी ती ओळ खाली आहे, ती अजून मोकळीच आहे."

तिनं पडद्याला नाक लावून बघितलं. खरंच होतं.

"अकरा वर्षं चोवीसशे टाके घातले हो मी दिवसाला," ती पुटपुटली.

"मग आज एक कच्चा निघाला. होतं."

खूण खालच्या ओळीला गेली. मशीनला नियम पुन्हा वाचायला लावले, अडॅप्टर काढून घातला. नोंदवहीत ओळ आली, जोडला. त्याच्याखाली तोडल्याची ओळ येते का, म्हणून ती पूर्ण दोन मिनिटं बघत राहिली. आली नाही. काटेवालीनं एक खोकं काट्यावर ठेवलं आणि मास्तरांनी पाटीशनपलीकडून सांगितलं, "सात किलो तीनशे."

"बरोबर!" काटेवाली ओरडली. "आता मला कुणी चारशे बावीस बघायला लावू नका!"

पण वायरताई उठली नाही. तिनं मशीन तीनदा बंद करून चालू केलं. एकदा आधी काटा आणि मग पट्टी, एकदा आधी पट्टी आणि मग काटा, एकदा दोन्ही लावूनच. प्रत्येक वेळी दोघांनाही विचारलं. विचारून झाल्यावर वहीत लिहिलं. पाच वाजून दहा मिनिटांनी साहेब आले तेव्हा मास्तर फोनवर होते, कुणाला तरी सांगत होते की तुमचं पार्सल चढलं, गाडी सुटली, काळजी नको. साहेब ते ऐकत उभे राहिले. मग मान हलवून गेले. उद्याच्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

गुरुवारचं बिल तिनं केलं नाही. आपणच पाडलेली भिंत बांधायचे पैसे कसले घ्यायचे, असा तिचा हिशेब.

घरी गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे एवढी शहाणी तू, आणि एका माणसाच्या पोटावर तुझं औषध करून पाहिलंस होय गं?"

"हो आई."

"आधी घरच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर बघायचं होतंस."

"त्याला हात लावू देत नाही ना तुमची नात."

रंगारी जेवता जेवता म्हणाला, "अगं, मी कधी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर रंग करून बघतो का? आधी फळीच्या तुकड्यावर बघतो. तुकडा बिघडला तर बिघडला."

त्यानंतरचं वर्षभर एकशे बारा पायऱ्या तशाच वरून खाली झाडून झाल्या. पिशवी तशीच पाठीवर राहिली. नव्या गिऱ्हाइकाकडं गेली की मशीनला हात लावण्याआधी ती एक फेरी मारू लागली. प्रत्येक तार शेवटच्या टोकापर्यंत बघायची आणि त्या टोकाला कोण बसतं ते विचारायचं. लोकांना ते चमत्कारिक वाटे. कॉम्प्युटर इथं आहे बाई, म्हणत. ती म्हणे, असू दे.

मागं टाकलेली कमाई वर्षाअखेरीला एका जुन्या कॉम्प्युटरवर गेली, गोदामात होता अगदी त्याच जातीच्या. घरात तो स्वयंपाकघराच्या फळीखाली बसला. तो कामासाठी घेतलेला नव्हता. नवी आवृत्ती, नवा इलाज, जे काही असेल ते आधी त्याच्यावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तर पट्टी पिशवीत घालून यायचे, सासूबाई त्यांना स्टूल द्यायच्या, आणि वायरताई ते मशीन मन लावून बिघडवत बसायची.